रिकाम्या हाताचा अभिनय : हालचालींवर चालणाऱ्या व्हिडिओ-खेळांविषयी

व्हिडिओ-खेळांचा इतिहास बहुधा चित्रांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. आरंभी पडद्यावर काळ्या पार्श्वभूमीवरचे पांढरे ठिपके होते, मग रंग आले, खोली आली, सावल्या आल्या, आणि शेवटी गवताचे पाते न् पाते वाऱ्यावर हलू लागले, अशी ती चढती कमान असते. आम्हांला हा इतिहास हाताच्या बाजूने वाचावासा वाटतो. पडद्यावरचे जग विस्तारत असताना पडद्यासमोर बसलेल्या माणसाच्या हाताचे काय होत होते, असा प्रश्न केला की ती कमान उलटी दिसू लागते. १९७२ सालच्या 'पाँग'मध्ये रेडिओचे बटण फिरवावे तशी एक खुंटी फिरवायची असे; तिच्यात मनगट होते. त्यानंतरच्या जॉयस्टिकला निदान मूठ लागे. १९८२ साली निंटेंडो कंपनीच्या गुनपेई योकोई ह्यांनी हातात मावणाऱ्या 'डाँकी काँग' खेळासाठी अधिकचिन्हाच्या आकाराचे एक बटण बनवले. ते इतके सोयीचे निघाले की त्याच्या नकला आजतागायत चालू आहेत. परंतु त्या बटणाने हाताचा प्रश्न निकालातच काढला. पुढची वीस-बावीस वर्षे खेळाडूचा हात म्हणजे दोन अंगठे, एवढेच समीकरण उरले. पडद्यावर योद्धा तलवार फिरवी, घोडा फेकी, कड्यावरून उडी घेई, आणि पलंगावर बसलेल्या मुलाचा अंगठा अर्धा सेंटिमीटर हले.

ह्या विषम विभागणीविरुद्ध वेळोवेळी बंडे झाली. त्यांतली बहुतेक फसली, एक अफाट यशस्वी झाले, आणि एकाने विजयाच्या शिखरावरून अवघ्या सात वर्षांत कडेलोट अनुभवला. साहित्याच्या अभ्यासकांनी ह्या बंडांकडे पाहावे असे आम्हांला वाटते, कारण त्यांच्या मुळाशी असलेला प्रश्न तंत्राचा कमी आणि अभिनयाचा अधिक आहे. हातात रॅकेट नसताना रॅकेट आहे असे वागणाऱ्या माणसाच्या हालचालीला अर्थ कुठून येतो?

पहिल्या घरगुती यंत्रापासूनच हाताला बोलावणे होते. राल्फ बेअर ह्यांच्या कल्पनेतून आलेल्या 'मॅग्नावॉक्स ओडिसी'बरोबर (१९७२) वेगळी विकत घेता येईल अशी एक प्रकाश-बंदूक होती. बंदुकीतून काहीच सुटत नसे; पडद्यावरच्या ठिपक्याचा प्रकाश बंदूकच टिपून घेई. म्हणजे लक्ष्य बाण सोडत होते आणि धनुष्य ते झेलत होते. व्हिडिओ-खेळांतल्या शरीराचा हा पहिला विनोद म्हणता येईल. दहा वर्षांनी, १९८२ साली, अमिगा कंपनीने अटारीच्या यंत्रासाठी 'जॉयबोर्ड' नावाची फळी काढली. तिच्यावर उभे राहून शरीराचा तोल इकडे-तिकडे झुकवला की पडद्यावरचा माणूस बर्फावरून घसरत जाई. फळी फारशी खपली नाही. तिच्यावर मांडी घालून हालचाल न करता बसण्याचा उद्योग कंपनीतले अभियंते करीत, आणि पुढे अमिगा संगणक बंद पडला की पडद्यावर उमटणाऱ्या 'गुरू मेडिटेशन' ह्या विक्षिप्त संदेशाचे मूळ तिथेच आहे, अशी आख्यायिका सांगितली जाते. घसरण्यासाठी बनवलेल्या वस्तूचा उपयोग ध्यानासाठी व्हावा, ही गोष्ट नुसती आख्यायिका असली तरी आम्हांला आवडते.

ह्या फसलेल्या प्रयत्नांतला सर्वांत बोलका तो 'पॉवर ग्लव्ह'. त्याचे पूर्वज उच्चकुलीन होते. थॉमस झिमरमन ह्यांना हातात गिटार नसताना गिटार वाजवायची होती. त्या इच्छेतून बोटांची वाकण ओळखणारा हातमोजा जन्मला. जॅरन लनिअर ह्यांच्या व्हीपीएल कंपनीने त्याचा 'डेटाग्लव्ह' केला. त्यात प्रकाशतंतू होते आणि त्याची किंमत हजारो डॉलरांत होती. खेळणी बनवणाऱ्या मॅटेल कंपनीने १९८९ साली त्याचे सुमारे ७५ डॉलरांचे रूप अमेरिकेच्या बाजारात आणले. प्रकाशतंतूंच्या जागी वीजवाहक शाई आली. टीव्हीच्या चौकटीला काटकोनात बसवलेले तीन ग्राहक मोज्यातून निघणारे श्राव्यातीत ध्वनी ऐकत आणि हात कुठे आहे ह्याचा अंदाज बांधत. प्रत्येक बोटाच्या वाकण्याच्या चारच पायऱ्या यंत्राला कळत. करंगळी तर त्याने मोजलीच नाही.

नाट्यशास्त्रात एका हाताने करावयाचे २४ आणि दोन्ही हातांनी करावयाचे १३ हस्त सांगितले आहेत. त्यांतल्या मृगशीर्ष हस्तात अंगठा आणि करंगळी उभी राहते, बाकीची बोटे खाली वळतात. पॉवर ग्लव्हच्या लेखी हे हरीण अस्तित्वातच आले नसते. ही तुलना कुणाला थट्टेची वाटेल. पण भरताने हस्तांची गणना केली तीही एक प्रकारची मापनपद्धतीच होती. फरक असा, की तिथे मोजणारा प्रेक्षक होता आणि त्याला करंगळी दिसत होती. मोज्यासाठी खास बनवलेले खेळ दोनच निघाले. इतर खेळांसाठी मनगटावरच्या कळफलकावर सांकेतिक अंक दाबून हाताची हालचाल जुन्या बटणांच्या भाषेत उलथवून घ्यावी लागे. मुलांनी तो हातात चढवला, आरशात पाहिला, हात दुखेपर्यंत हवेत धरला आणि कपाटात टाकला.

ह्या पार्श्वभूमीवर निंटेंडोने २००५ साली काय केले ते पाहण्यासारखे आहे. क्योटो शहरातली ही कंपनी १८८९ साली फुसाजिरो यामाउची ह्यांनी स्थापली ती 'हानाफुदा' नावाचे फुलांचे पत्ते बनवण्यासाठी. बारा महिन्यांची बारा फुलझाडे, प्रत्येकाचे चार पत्ते, असा तो ४८ पत्त्यांचा डाव. ह्या पत्त्यांच्या कारखान्यात यंत्रे सांभाळण्यासाठी लागलेले योकोई कंपनीचे खेळणी-कल्पक झाले. त्यांचे एक सूत्र जपानी उद्योगजगतात प्रसिद्ध आहे. तंत्र जुने होऊ द्यावे, वाळू द्यावे, त्याची किंमत उतरू द्यावी, आणि मग त्याचा कुणाच्या डोक्यात न आलेला आडवळणाचा उपयोग शोधावा, असा त्याचा आशय. योकोई १९९७ साली अपघातात वारले. परंतु कंपनीने २००६ साली जे यंत्र विकायला काढले ते ह्या सूत्राचे शुद्ध उदाहरण होते.

तोवर स्पर्धा चित्रांची होती. सोनी आणि मायक्रोसॉफ्ट अधिकाधिक वेगवान यंत्रे करीत होत्या. सोनीच्या प्लेस्टेशन ३ ची अमेरिकेतली किंमत ५०० ते ६०० डॉलर ठरली. निंटेंडोचे अध्यक्ष सातोरू इवाता ह्यांनी त्या शर्यतीतून अंग काढून घेतले. सप्टेंबर २००५ मध्ये टोकियोच्या मेळ्यात त्यांनी नव्या यंत्राची पहिली चित्रफीत दाखवली. तीत एकही खेळ दिसला नाही. दिसली ती नुसती माणसे: टीव्हीच्या उजेडात बसून एक लांबट पांढरी वस्तू हातात धरून कुणी मासे धरते आहे, कुणी ढोल वाजवते आहे, कुणी स्वयंपाक करते आहे, कुणी दातांच्या डॉक्टरचा आव आणते आहे. व्हिडिओ-खेळाच्या जाहिरातीत कॅमेरा पडद्याकडे पाठ करून प्रेक्षकाकडे वळल्याचे इतके ठळक उदाहरण आम्हांला दुसरे माहीत नाही. त्या वस्तूला 'कंट्रोलर' म्हणू नका, 'रिमोट' म्हणा, असा इवातांचा आग्रह होता. कंट्रोलर पाहून आई-आजी मागे सरकतात. रिमोट मात्र घरातला प्रत्येक जण उचलतो, किंबहुना त्यासाठी भांडतो. नामकरणातली ही सूक्ष्म दृष्टी एखाद्या चांगल्या कथालेखकाला शोभेल अशी आहे. मारिओचे जनक शिगेरू मियामोतो ह्यांनी तर २००७ सालच्या एका व्याख्यानात आपल्या यशाचे माप म्हणून पत्नीच्या आस्थेचा आलेखच दाखवला होता.

यंत्राचे नाव 'वी'. ते नोव्हेंबर २००६ मध्ये अमेरिकेत २५० डॉलरांना आणि डिसेंबरात जपानमध्ये २५,००० येनला विक्रीस आले. रिमोटच्या आत असलेला त्वरणमापक ही नवलाची वस्तू नव्हती. सिलिकॉनच्या चकतीवर कोरलेला इवलासा भार, त्याला तसल्याच इवल्या स्प्रिंगा. भार सरकला की विद्युतधारितेत होणारा फरक मोजायचा, इतकेच. अशा मापकांचा मोठा बाजार प्रथम उभा राहिला तो मोटारींतल्या एअरबॅगमुळे: टक्कर झाली हे क्षणार्धात ओळखण्यासाठी. अपघात ओळखणारे यंत्र टेनिसचा फटका ओळखू लागले, हे योकोईंच्या 'आडवळणा'चे मर्म. टीव्हीवर ठेवायची जी पट्टी 'सेन्सर बार' म्हणून मिळे तिच्यात तर संवेदक मुळीच नव्हता. तिच्या दोन टोकांना अवरक्त दिवे होते आणि रिमोटच्या नाकातला कॅमेरा त्यांच्याकडे पाहून आपली दिशा ठरवी. पट्टी बिघडली तर दोन मेणबत्त्या लावूनही काम भागत असे, हे तेव्हाच अनेकांनी करून पाहिले. मेणबत्त्यांच्या जागी दोन पणत्याही चालाव्यात. उष्ण ज्योतीला जात नसते.

त्वरणमापकाची मर्यादा मात्र समजून घेतली पाहिजे, कारण पुढचा सगळा वाद तिच्यावर उभा आहे. त्याला वेगातला बदल कळतो, आणि रिमोट स्थिर असेल तर जमीन कुठल्या बाजूला आहे ते कळते. हात अवकाशात कुठे आहे ते त्याला कळत नाही. खांद्यापासून घेतलेला टेनिसचा दिमाखदार फटका आणि मनगटाचा एक झटका, ह्या दोहोंत त्याच्या दृष्टीने फारसे अंतर नसते.

आमच्या घरी हे यंत्र २००९ साली आले ते अमेरिकेहून परतलेल्या एका नातेवाइकांच्या बॅगेतून. तिकडचा पॉवर अ‍ॅडॉप्टर १२० व्होल्टचा असल्यामुळे त्याच्यासोबत विटेएवढ्या वजनाचा एक ट्रान्सफॉर्मरही घ्यावा लागला, आणि तो खेळभर गुणगुणत असे. टीपॉय भिंतीला लावला, सतरंजी गुंडाळली, पंखा बंद केला. आमचे वडील तरुणपणी बॅडमिंटन खेळलेले. त्यांनी रिमोट हातात घेतला आणि नकळत डावा पाय मागे टाकला. सर्व्हिससाठी नसलेला चेंडू डाव्या हाताने वर उडवला, तो उडालेला पाहिला, आणि मग फटका मारला. पडद्यावरच्या बाहुल्याने तो परतवला तेव्हा ते हॉलच्या दुसऱ्या टोकाला धावले. नऊ वर्षांचा आमचा भाचा दिवाणावर लोळून त्यांच्याशी खेळत होता. त्याचे फक्त मनगट हलत होते आणि तो जिंकत होता. "आजोबा, तुम्ही नका ना पळू, तो आपोआप पळतो," त्याने करुणेने सांगितले. हे खरे होते: त्या टेनिसमध्ये धावणे यंत्राकडे असते, खेळाडूने फक्त योग्य क्षणी हात हलवायचा. वडील म्हणाले, "पळाल्याशिवाय टेनिस कसलं?" आणि पुढच्या गुणाला पुन्हा पळाले.

त्या संध्याकाळी दोघांपैकी कोण खेळत होता, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. रोजे कय्वा ह्या फ्रेंच विचारवंताने १९५८ सालच्या आपल्या ग्रंथात खेळांचे चार वर्ग कल्पिले: स्पर्धा, नशीब, सोंग आणि भोवळ. भाचा स्पर्धा खेळत होता आणि वडील सोंग. यंत्र मात्र फक्त स्पर्धेचे गुण मोजत होते. सोंगाचे गुण पाहणाऱ्या आम्हा मंडळींकडून मिळत होते, हशाच्या नाण्यात. मराठीत 'खेळ' हा शब्द नाटकालाही लागतो, तमाशालाही आणि कळसूत्री बाहुल्यांनाही, हे ह्या ठिकाणी आठवते. योहान हाउझिंगा ह्यांनी 'होमो लुडेन्स' (१९३८) ह्या ग्रंथात क्रीडावाचक संस्कृत धातूंची चर्चा केली आहे. चकाकणे, हलणे, सोंग घेणे ह्या छटा त्या शब्दांतून कशा मिसळल्या आहेत ते त्यांना महत्त्वाचे वाटले. त्यांनी मराठी पाहिली असती तर 'आज नाटकाचा खेळ आहे' ह्या वाक्यावर ते नक्कीच थबकले असते.

'वी'बरोबर मिळणाऱ्या 'वी स्पोर्ट्स' ह्या संचात टेनिस, बेसबॉल, बोलिंग, गोल्फ आणि मुष्टियुद्ध असे पाच खेळ होते. त्यांतल्या टेनिसच्या बाहुल्यांना हातच नाहीत, निदान दंड नाहीत: धडापासून सुटे असे दोन गोळे हवेत तरंगतात. ही उणीव नसून शहाणपण आहे असे आमचे मत आहे. यंत्राला कोपर कुठे आहे ते कळत नाही, म्हणून त्याने कोपर काढलेच नाही. नाट्यशास्त्र प्रयोगाचे लोकधर्मी आणि नाट्यधर्मी असे दोन धर्म मानते. पहिल्यात लोकव्यवहाराचे यथातथ्य अनुसरण, दुसऱ्यात संकेत. 'शाकुंतला'च्या आरंभी दुष्यंताचा रथ रंगमंचावर नसतो, नट रथाचा वेग अभिनयाने दाखवतो, आणि प्रेक्षक त्या संकेताला मान्यता देतो. 'वी स्पोर्ट्स' हा असा नाट्यधर्मी खेळ होता. मनगटाचा झटका हे टेनिसचे चित्र नव्हे, ते टेनिसचे चिन्ह आहे. चिन्ह म्हणून ते स्वीकारले की सत्तरीतली आजी आणि नऊ वर्षांचा नातू एका पातळीवर येतात. अमेरिकेतल्या निवृत्तांच्या वसाहतींत २००७ पासून 'वी' बोलिंगचे सामने रंगू लागले, ते ह्यामुळे. खरा बोलिंगचा चेंडू सात-सात किलोंचा असू शकतो. त्याचे चिन्ह तळहातावर मावत होते.

संकेत विसरला की काय होते, ह्याचेही पुरावे आहेत. बोलिंगमध्ये चेंडू सोडायचा असतो. रिमोटवरचे बटण सोडणे हा 'चेंडू सोडण्या'चा संकेत. पण रंगात आलेला हात बटणाबरोबर रिमोटही सोडी, आणि तो टीव्हीच्या काचेवर जाऊन आदळे. मनगटात अडकवायची दोरी त्या आवेशापुढे तुटू लागली, तेव्हा डिसेंबर २००६ मध्ये निंटेंडोने सुमारे ३२ लाख दोऱ्या बदलून देण्याचे जाहीर केले, ०.६ मिलिमीटरची दोरी १ मिलिमीटरची झाली. पुढच्या वर्षी रिमोटसाठी सिलिकॉनचे अंगरखेही फुकट वाटले. नटाने रंगमंचावर खरोखरच कट्यार चालवू नये म्हणून कट्यार बोथट करून ठेवावी, तसलाच हा प्रकार.

'वी' १० कोटींहून अधिक विकले गेले. परंतु यशाबरोबर अनुकरणाची लाट आली आणि तिने चिन्हाचा अर्थ पातळ केला. जिथे बटण दाबायचे तिथे रिमोट हलवायचा, एवढ्याच बदलावर असंख्य खेळ निघाले. दार उघडायला झटका, नाणे उचलायला झटका, उडी मारायलाही झटका. अलंकारासाठी अलंकार वापरणाऱ्या कवीसारखी ही अवस्था होती. हालचाल होती, तिच्यातला 'जणू' हरवला होता. २००९ साली जायरोस्कोप असलेली जोड आली आणि हाताचे फिरणे अधिक इमानाने कळू लागले. धनुष्य ताणणे, तलवारीचा कोन बदलणे ह्यांत आता कौशल्य शिरले. त्या पट्टीच्या खेळांची आम्ही कदर करतो, पण दिवाणावर लोळणाऱ्या भाच्याची सद्दी तिथे संपली, आणि काही प्रमाणात आजीचीही.

मायक्रोसॉफ्टने दुसऱ्या टोकाची वाट धरली. जून २००९ मध्ये 'प्रोजेक्ट नाताल' ह्या नावाने जाहीर झालेले 'किनेक्ट' नोव्हेंबर २०१० मध्ये बाजारात आले, आणि त्याचे ब्रीद असे होते की कंट्रोलर म्हणजे तुम्ही स्वतःच. हातात रिमोटदेखील नको. प्राइमसेन्स ह्या इस्राएली कंपनीच्या तंत्राने ते खोलीत अदृश्य अवरक्त ठिपक्यांची जाळी पसरी आणि तिच्या विरूपणावरून खोली मोजी. मग शरीराचे ३१ भाग ओळखून त्यांवरून २० सांध्यांचा सांगाडा सेकंदाला ३० वेळा रेखाटी. वेगवेगळ्या देहयष्टींच्या आणि ठेवणींच्या अगणित कृत्रिम प्रतिमा दाखवून संगणकाला हे शिकवले होते. तंत्र म्हणून ही कामगिरी 'वी'पेक्षा कितीतरी वरची होती. पहिल्या ६० दिवसांत त्याची ८० लाख विक्री झाली आणि गिनीज विक्रमांत नोंद झाली.

तरीही खेळ म्हणून ते टिकले नाही, आणि त्याचे कारण आमच्या मते त्याच्या लोकधर्मी हट्टात आहे. संपूर्ण शरीर पाहायचे तर संपूर्ण शरीर दिसेल इतकी जागा हवी. एका खेळाडूसाठी सुमारे ६ फूट आणि दोघांसाठी ८ फूट अंतर राखण्याची सूचना होती. मुंबईच्या दहा बाय बाराच्या खोलीत, जिथे पलंग, कपाट, देव्हारा आणि शिलाई-मशीन ह्यांनी आपापले वतन आधीच मुक्रर केलेले असते, तिथे ८ फूट मोकळी जमीन म्हणजे चैन होय. तोक्यो आणि लंडनच्या घरांतूनही हीच कुरकुर उठली. सैल, पायघोळ कपड्यांत सांधे हुडकणे यंत्राला जड जाई. त्या ३१ भागांत नऊवारीचा ओचा कुठे बसवायचा, हा प्रश्न आम्ही आपला विनोदापुरता विचारून सोडून देतो. त्याहून मूलगामी अडचण अशी की हातात काहीच नसले की हाताला विश्रांतीही नसते. दशावतारातल्या संकासुरापासून आधुनिक नाटकातल्या नायकापर्यंत नटाला एखादी काठी, एखादी छत्री, एखादा रुमाल लागतो. वस्तू हातात असली की हात हलतो तेव्हा अभिनय करतो आणि थांबतो तेव्हा थांबतो. किनेक्टपुढे डोके खाजवणेदेखील विधान ठरे.

आणि पाहणारा डोळा हा केवळ खेळापुरता डोळा राहत नाही. मे २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने नव्या 'एक्सबॉक्स वन'ची घोषणा केली तेव्हा किनेक्ट जोडलेले असल्याशिवाय यंत्र चालणारच नाही, असे ठरले होते. पुढच्याच महिन्यात एडवर्ड स्नोडेन ह्यांनी अमेरिकन पाळतीची कागदपत्रे उघड केली. दिवाणखान्यात सतत ऐकणाऱ्या-पाहणाऱ्या उपकरणाविषयी लोक आधीच अस्वस्थ होते; त्या बातम्यांनी अस्वस्थतेला शब्द पुरवले. ऑगस्टमध्ये कंपनीने ती अट मागे घेतली, जून २०१४ पासून किनेक्टशिवाय यंत्र १०० डॉलर स्वस्त विकू लागली, आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये उत्पादनच थांबले. प्राइमसेन्स तोवर, २०१३ सालीच, अ‍ॅपलने विकत घेतली होती. ज्या वर्षी किनेक्ट संपले त्याच वर्षी चेहरा ओळखून उघडणारा आयफोन आला. ठिपक्यांची तीच अदृश्य जाळी आता खोलीऐवजी मुखावर पडू लागली. दिवाणखान्यातून हाकललेला डोळा लोकांनी हौसेने खिशात घेतला. ह्यावर एखादा स्वतंत्र निबंध कुणीतरी लिहावा.

सोनीने २०१० सालीच मधला मार्ग काढला होता: टोकाला रंगीत उजेडाचा गोळा असलेली काठी आणि तिच्याकडे पाहणारा कॅमेरा. ह्या 'मूव्ह' काठीसाठी पुढच्या काही वर्षांत मुंबईच्या ट्राइन गेम्स ह्या कंपनीने 'मूव्ह स्ट्रीट क्रिकेट' नावाचा खेळ बनवला, आणि गल्लीतले क्रिकेट गल्लीतून हॉलमध्ये आले. हॉलमध्ये खेळू नका, काच फुटेल, असे ज्या पिढीला बजावले गेले तिच्या मुलांना हॉलमध्येच बॅट फिरवण्याचा परवाना मिळाला. अर्थात शेजाऱ्याच्या गच्चीत गेलेला चेंडू आणायला कोण जाणार, ह्यावरून होणारे भांडण कुठलाही त्वरणमापक मोजू शकत नाही, आणि आमच्या मते गल्ली-क्रिकेटचा अर्धा प्राण त्या भांडणात आहे.

शरीराला ह्या खेळांनी नेमके काय दिले, ह्याची तपासणी वैद्यकशास्त्राने सुरुवातीपासून केली. १९९० साली एका प्रतिष्ठित अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात बटणे दाबून दुखावलेल्या अंगठ्याची नोंद 'निंटेंडिनायटिस' नावाने झाली होती. २००७ साली त्याच नियतकालिकात एका डॉक्टराने आपल्याच दुखऱ्या खांद्याचे निदान 'वीआयटिस' असे कळवले. तो तासन् तास ते टेनिस खेळला होता. सतरा वर्षांत दुखणे अंगठ्यावरून खांद्यावर सरकले, ह्याला प्रगती म्हणावे काय ते वाचकांनी ठरवावे. त्याच वर्षी ब्रिटनमधल्या एका छोट्या अभ्यासात दिसले की 'वी' खेळणारी किशोरवयीन मुले बसून खेळणाऱ्यांपेक्षा निदान ५१ टक्के अधिक ऊर्जा खर्चतात, परंतु तोच खेळ मैदानावर खेळण्याची बरोबरी होत नाही. २०१२ साली ह्यूस्टनच्या संशोधकांनी मुलांना यंत्रे घरी देऊन १३ आठवडे पाहिले. हालचालीचे खेळ मिळालेली मुले दिवसभराच्या हिशेबात इतरांपेक्षा अधिक हललेली आढळली नाहीत. २०१९ मध्ये निंटेंडोने काढलेला 'रिंग फिट अ‍ॅडव्हेंचर' हा व्यायामाचा खेळ २०२० च्या टाळेबंदीत दुकानांतून नाहीसा झाला तो घरात कोंडलेल्या माणसांना धावण्याचे निमित्त हवे होते म्हणून. धावायचे मात्र जागच्या जागीच होते.

सर्वांत गंभीर आशा पक्षाघाताच्या रुग्णांविषयी होती. लुळा पडलेला हात पुन्हा चालता करायचा तर तीच हालचाल शेकडो वेळा करावी लागते. ते काम कंटाळवाणे असते आणि रुग्ण मध्येच सोडून देतो. खेळाच्या ओढीने तो हात हलवत राहील, असे अनेक रुग्णालयांना वाटले. २०१० सालच्या एका प्राथमिक प्रयोगाने ती आशा वाढवली. मग १४१ रुग्णांवर झालेल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. नेहमीच्या उपचारांच्या जोडीला एका गटाने 'वी' खेळले. दुसऱ्या गटाला साधे विरंगुळ्याचे खेळ दिले होते: पत्ते, बिंगो, लाकडी ठोकळ्यांचा मनोरा, चेंडू. हात दोन्ही गटांचे सुधारले, आणि सारखेच सुधारले. दुसऱ्या गटाच्या हाती जे पत्ते होते त्या धंद्यावर निंटेंडो उभी राहिली होती. हानाफुदाचा ४८ पानांचा डाव क्योटोतली ती कंपनी आजही विकते.